आक्काला कुणी सांगितले नाही

माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या नवऱ्याने आणि साताऱ्याच्या एका डॉक्टरने फसवले. तिच्या अंगात काय आहे ते त्या दोघांना फाल्गुनात कळले होते, आणि तिला ते दिवाळी होऊन जाईपर्यंत कळू दिले नाही. आता ती नाही. गेलेल्या माणसावर लिहायचे म्हणजे गोड लिहायचे अशी रीत आहे हे मला ठाऊक आहे. पण मी सांगलीच्या हळदीच्या पेठेत वाढलेला माणूस आहे. पोत्यात दगड सापडला की तो बाहेर काढून चार माणसांना दाखवायचा, एवढेच मला येते.

निरोप आला तेव्हा मी सौद्यात उभा होतो. आमच्या पेठेत भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात धरतात, बोटे दाबून भाव सांगतात, आणि भोवती कितीही गराडा असला तरी तिसऱ्याला काही कळत नाही. माझा हात असा रुमालाखाली असताना रहिमतपूरचा, दाजींच्या भावकीतला एक माणूस गर्दी सारत पुढे आला. दाजी म्हणजे आक्काचे मालक. त्या माणसाने डोक्याचे मुंडासे काढले आणि पोटाशी धरून उभा राहिला. मी हात काढून घेतला. समोरचा व्यापारी म्हणाला, "शेठ, वाढवून देतोय की, हात का काढला?" मला वाटते मी त्याला शिवी दिली असावी. तो माल त्या दिवशी कुणी घेतला ते मी अजून विचारलेले नाही.

आमची आई मी रांगता असतानाच गेली. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबत. मला कडेवर घेऊन वाढवले ते आक्काने, आणि ती स्वतः तेव्हा परकर नेसणारी पोर होती. रहिमतपूरच्या बाजारात ती मला घेऊन जायची. वांगी असोत की खारा मासा, भाव विचारायची आणि गप्प उभी राहायची. नुसती उभी. विकणारी बाई चुळबुळायची, मग आपण होऊन उतरायची. परतताना आक्का मला म्हणायची, "दौल्या, भाव इचारल्यावर तोंड मिटायचं. गप बसणाऱ्याला लोक भितात." पुढे मी सांगलीला येऊन पेठेत पोती उचलली, मग तोलाई केली, मग स्वतःची अडत टाकली. लोक म्हणतात मला व्यापार कुणा गुजराने शिकवला. मला व्यापार आक्काने शिकवला. फक्त गप्प बसणे मला जमले नाही. माझा आवाज चढतो हे सगळ्या पेठेला माहीत आहे.

लग्न होऊन ती रहिमतपुरातच उसाच्या घरी पडली. अंगाने मोठी, हसायला लागली की पदर तोंडाला लावून हलायची. दारावर आलेल्या कासाराला, बोहारणीला, कल्हईवाल्याला तिचा धाक होता. चिंचेच्या बुटकाएवढेसुद्धा तिला कुणी फसवू शकत नसे. गुऱ्हाळात काहिलीवर उभ्या असलेल्या गुळव्याला ती लांबून सांगायची, "आवं मामा, पाक पुढं गेलाय, उतरा!" आणि गुळव्या कपाळाला हात लावायचा, कारण पाक खरोखरच पुढे गेलेला असायचा. अशा बाईला तिच्याच अंगाबद्दल फसवणे सोपे नव्हते. ते दोघा शहाण्या पुरुषांनी मिळून केले, म्हणून झाले.

झाले ते असे. त्या फाल्गुनात न्हाताना तिच्या हाताला उजव्या स्तनात गाठ लागली. हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. आमच्या घरात तो कुणी उच्चारत नसे, आक्काही 'छातीला' म्हणायची आणि माझ्यासमोर तेही न म्हणता 'खांद्याला' म्हणायची. गाठ दुखत नव्हती. दुखत नव्हती म्हणून तिने कुणाला सांगितले नसते, पण ती वाढू लागली तसे तिने दाजींना सांगितले आणि दाजी तिला साताऱ्याला घेऊन गेले. डॉक्टरने जे विचारायचे ते दाजींना विचारले. कधीपासून आहे, दुखते का, पोरे किती. दाजी आक्काकडे बघून उत्तरे देत. मग डॉक्टरने चोळीवरूनच चाचपले, काखेत बोटे घातली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा." दार लागले. ती बाकावर बसून राहिली. दार उघडले तेव्हा तिने विचारले, "काय म्हनत्यात?" दाजी म्हणाले, "दुधाची गाठ हाय." तिने डॉक्टरच्या तोंडाकडे पाहिले. डॉक्टरनेही मान हलवली. "होय, दुधाची. गरम शेक घेत जा."

ही हकीगत तिने मला नंतर सांगितली. तिचे शेंडेफळ त्या वर्षी बैलांना पाणी पाजायला एकटे ओढ्यावर जात होते. दूध आटून किती काळ लोटला होता हे तिला कळत नव्हते असे नाही. ती म्हणाली, "मला बी वाटलं रं, आता कुठलं दूध? पर येवढा शिकल्याला मानूस. त्येनं माझ्याकडं बघून खोटं कशापायी बोलावं?"

दाराआड काय बोलणे झाले ते दाजींनी पुढे माझ्यासमोर कबूल केले. डॉक्टरने त्यांना स्पष्ट सांगितले होते की हा कर्करोग असावा, मोठ्या दवाखान्यात नेऊन स्तन काढून टाका, लवकर काढा. दाजींनी विचारले, पोरीचे लग्न उरकून मग काढले तर? डॉक्टर म्हणाला, थांबू नका, पण तुमच्या घरचे तुम्ही बघा. मग दाजींनी हात जोडले की हिला सांगू नका, तिने हाय खाल्ली तर लग्नाचे कोण करणार. आणि डॉक्टरने ते मान्य केले.

भाची शालन तेव्हा लग्नाची झाली होती. कोरेगावकडचे एक स्थळ चालून आले होते, मुलगा पलटणीत. दाजींचा हिशेब असा की आईचे अंग कापले हे बायकांत पसरले तर स्थळ मोडेल. आईचा रोग लेकीत उतरतो असे लोक बोलतील. शिवाय अंगाने उणी झालेली सवाष्ण हळदीला हात लावायला चालत नाही असे आमच्या भागातल्या म्हाताऱ्या मानतात. वैशाखात लग्न उरकू आणि लगेच कापू, असे त्यांनी मनात धरले होते.

बोलणी करायला त्यांनी मला पुढे केले. मामा म्हणून माझा मान होता, आणि माझे तोंड त्यांना हवे होते. मी बसलो. वरमाईच्या लुगड्यावर अडलो, वाजंत्री कुणी आणायचे यावर अडलो. लढाईचे दिवस, साखर परवान्यावर. तो परवाना कोणत्या घराने काढायचा यावर तर मी बैठक मोडून उठून आलो. व्याही पुन्हा बोलवायचे, मी पुन्हा जायचो. बैठक दाजींच्या घरी असली की आक्का आतल्या दाराशी बसून ऐकायची आणि हसायची. दाजी मात्र पानाचा देठ कुरतडत बसत. एकदा वाटेत ते मला म्हणाले, "दौलत, दे मिटवून आता." मी म्हणालो, "दाजी, घाई दिसली की समोरचा चढतो." त्यांना घाई कशाची होती हे त्यांनी त्या वाटेवर मला एका शब्दाने सांगितले असते तर मी त्याच पावली मागे फिरून सगळे कबूल करून आलो असतो. वाजंत्री, लुगडे, साखर, सगळे. एवढेच कशाला, लग्न बाजूला ठेवून आक्काला गाडीत घातले असते. त्यांनी मला ज्या वस्तूसाठी घासाघीस करायला बसवले, तिची खरी किंमत मला सांगितली नाही. पेठेत असे कुणी केले तर त्याच्याशी पुन्हा कुणी हात धरत नाही.

सगळे ठरले तेव्हा ज्येष्ठ सरत आला होता. भटजींनी पंचांग मिटले. आषाढ लागला, लग्ने बंद. आता तुळशीचे लग्न झाल्याशिवाय मुहूर्त नाही. तो सगळा पावसाळा आक्का विटकर तापवून फडक्यात गुंडाळून छातीला शेक घेत राहिली. आणि दाजी रोज ते बघत राहिले…

दिवाळी झाल्यावर बस्ता बांधायला ती सांगलीला माझ्या घरी आली. न्हाणीत पाठ चोळायला माझी बायको गेली आणि पांढरीफटक होऊन बाहेर आली. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "अहो, वन्संची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय. आणि बोंड आत ओढलंय." मी आक्काला विचारले तर ती म्हणाली, "दुधाची गाठ हाय. डाक्टरनं बघितलीया." बायको तिच्या तोंडावर म्हणाली, "कुठलं दूध, वन्सं?" मी टांगा बोलावला.

मिशनच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला बाहेर बसवले आणि आक्काला आत ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मी दाराच्या त्या बाजूला बसलो. बाईंनी तिला चोळी काढायला लावून नीट तपासले, आणि मग तिचा हात हातात धरून तिलाच सांगितले. रोगाचे नाव सांगितले. तो कुठवर गेला आहे तेही सांगितले, की काखेच्या पुढे गेला आहे, आता कापून उपयोग नाही. मुंबईला किरणांचा उपचार करतात, त्याने दुखणे हलके होईल, रोग जाणार नाही. आक्काने एकच विचारले, "आधी आले असते तर?" बाई म्हणाल्या, "आधी आला असतात तर काढून टाकली असती. पुष्कळ जणी वाचतात. सगळ्या नाही." मग त्यांनी विचारले, आधी कुणाला दाखवले होते का? आक्का म्हणाली, "व्हय, दावली हुती." हे सगळे आक्काने मला परतताना सांगितले.

त्याच बाईंनी मला बोलावून समजावले आणि ते मी इथे लिहून ठेवतो, कारण कुठेतरी लिहिलेले असायला हवे. न दुखणारी गाठ आधी दाखवायची. दुखत नाही म्हणजे काही नाही, असे नाही. कातडी ओढली गेली, बोंड आत गेले, त्यातून रक्त किंवा पाणी आले तर थांबायचे नाही. हा रोग शिवल्याने होत नाही, कुणाच्या पापाने होत नाही. शेकाने, लेपाने जात नाही. यातले एकही वाक्य मला तोवर कुणी सांगितले नव्हते. मी पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नाव ऐकून आधी बाहेर कोणी आहे का ते पाहिले आणि हळू आवाजात म्हणाला, "तसलं काही आम्ही ठेवत नाही." तसलं! त्याच्याकडे सर्पदंशावर पुस्तक होते, बाळाच्या गुटीवर होते, बैलांच्या रोगांवर होते. बायकांच्या मासिकांत लोकरीचे टाके होते. वर्तमानपत्रांत मात्र गाठी विरघळवणाऱ्या लेपांच्या जाहिराती दर आठवड्याला येतात, मी हे ज्यात छापायला देतो आहे त्या पत्रातही येतात. संपादकांनी हे वाक्य ठेवले तर मी त्यांचा आभारी होईन.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक केले. सांगलीतच मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या एका मास्तरीणबाईंकडे त्यांनी आक्काला पाठवले. या बाईंचा एक स्तन बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेला. त्यांचे बिऱ्हाड शाळेच्या आवारातच होते. मी ओसरीवर बसलो होतो, आतले सगळे ऐकू येत होते.

"बघा. हात लावून बघा, लाजू नका," बाई म्हणाल्या.

मग आक्का म्हणाली, "आवं, ह्ये तर भितीला गिलावा केल्यागत झालंय की."

"गवंडी बरा मिळाला म्हणायचा मग."

"आनि चोळीत काय घालता?"

"मोहरीची पिशवी शिवलीय. आधी कापूस घालत होते, पण तो हलका. फळ्यावर लिहायला हात वर केला की तोही वर निघायचा. पोरी इतिहास सोडून तिकडंच बघायच्या."

आक्का हसली. तिचे ते जुने, अंग हलवणारे हसू मला ओसरीवर कळले. मास्तरीणबाईही हसत होत्या. बाहेर आल्यावर आक्का टांग्यात बसली, आणि शाळेचे फाटक मागे पडल्यावर म्हणाली, "दौल्या, ही बाई मला फाल्गुनात भेटाया पायजे हुती रं."

त्यानंतर मी आक्काला घेऊन रहिमतपूरला गेलो आणि दाजींना ओसरीवर उभे करून विचारले. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. डॉक्टरशी दाराआड झालेले सगळे त्यांनी तिथेच कबूल केले. ते म्हणाले, "दौलत, पोरगी घरात ऱ्हायली असती. कोन करून घेतंय मग?" आतून आक्का म्हणाली, "आनि म्या मेल्यावर पोरीचं चांगलं हुतंय व्हय वं?" दाजी खाली बसले. मी त्यांना म्हणालो, आमच्या पेठेत सौदा झाकून होतो, पण ज्याचा माल त्याचा हात रुमालाखाली असतोच. तुम्ही दोघांनी मिळून तिच्या जिवाचा सौदा केला आणि तिला बाहेर बाकावर बसवले. त्या दिवसानंतर या गोष्टीवर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

आक्काने मग जे केले ते आम्हा कुणाला सुचले नव्हते. तिने गाडी जुंपायला लावली आणि मला घेऊन ती होणाऱ्या विहिणीकडे गेली. चुलीपाशी बसून तिने सगळे सांगितले, रोगाच्या नावासकट. "करायचं असलं तर करा, न्हाईतर मोडा. पर मागनं कळलं असं म्हनू नगासा." मी दाराशी उभा होतो. विहीणबाई काठीसारखी वाळलेली, करड्या नजरेची बाई. ती उठली, हात पुसले आणि आधी माझ्याकडे वळली. "ह्या तुमच्या भावानं माझ्या लुगड्यावरनं आमच्या मालकास्नी बैठकीवर बैठका घाम फोडला. आनि ही गोष्ट सांगाया तुमच्यातल्या एका गड्याला तोंड न्हवतं?" मग ती आक्काजवळ बसली. म्हणाली, "आवं, माझी थोरली बहीन ह्येनंच गेली. तिला बी न्हाई सांगितलं. पयल्या मुहूर्ताला उरकू. तुमी बघाल तरी."

म्हणजे ज्यांच्यापासून हे लपवले, त्यांना त्याचे काही वाटले नसते. फाल्गुनात कुणी विचारले असते तर हेच उत्तर फाल्गुनात मिळाले असते.

मार्गशीर्षात लग्न झाले. शालनला हळद आक्कानेच लावली, डाव्या हाताने, कारण उजवा हात सुजून वर होत नव्हता. कोणा म्हातारीने हूं की चूं केले नाही. विहीणबाई शेजारी उभी होती. पुढचे मी फार लिहिणार नाही. गाठ फुटून जखम झाली. वास येऊ लागला तसे शेजारच्या बायकांचे येणे थांबले, लागण होईल म्हणून. जखम दाजी धुवायचे, दोन्ही वेळा, नाक न झाकता. हे मी पाहिले आहे म्हणून लिहितो, त्यांना सोडून देण्यासाठी नाही. मास्तरीणबाई आगगाडीने सांगलीहून आल्या, आक्काच्या अंथरुणावरच बसल्या आणि तिच्या केसांत तेल घालून वेणी घालून गेल्या. त्या दिवशी आक्का मला म्हणाली, "मरायचं हाय त्ये कळलंय, त्येचं काय न्हाई रं. पर लोकांस्नी माझं मरान कळतंय आनि मलाच न्हाई, ह्ये वाईट हुतं." त्यानंतर आठवड्यात ती गेली.

तेरावा झाल्यावर मी साताऱ्याला त्या डॉक्टरकडे गेलो. माणूस वाईट नाही, हेच अधिक वाईट. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. त्याला आक्का आठवत नव्हती. सगळे सांगितल्यावर तो म्हणाला, "हे पाहा, बायकांना आम्ही सांगत नाही. धीर सोडतात. घरच्या कर्त्या माणसाला सांगायचे, अशीच पद्धत आहे." मी म्हणालो, ती धीर सोडते की नाही हे तुम्ही कधी बघितले? तिने सोडला नाही. आम्ही सोडला. तो म्हणाला, "तुम्ही दुःखात आहात." बाहेर रोगी खोळंबले होते. मी चहा तसाच ठेवून उठलो.

डॉक्टर, तुमच्या बाकावर या पत्राची पुरवणी ठेवलेली मी पाहिली आहे, तेव्हा हे तुमच्यापर्यंत पोचेल. तुमचे नाव मी लिहिलेले नाही. दाजींशी माझे जे आहे ते मी घरात बघेन. पण तुम्ही तिच्याकडे बघून मान हलवलीत आणि 'दुधाची' म्हणालात, त्याचे उत्तर तुम्ही द्यायचे आहे, मला नव्हे, चारचौघांत, याच पानावर. रोग तिचा होता. तो तिला वगळून दुसऱ्याच्या हवाली करायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? उद्या सकाळीही एखादी बाई तुमचे दार ढकलून आत येईल आणि मागोमाग तिचा नवरा येईल. चाचपून झाल्यावर तुम्ही बाहेर बसायला कुणाला सांगणार आहात, ते लिहून कळवा.